पांढऱ्या पेशींची ओळख



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या कुठल्यातरी खणात रक्ततपासणीचे दोनचार कागद घडी घालून ठेवलेले असतील. ताप चार दिवस उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि संध्याकाळी तो कागद हातात येतो. त्यावर हिमोग्लोबिन, लाल पेशी वगैरे झाल्यावर पांढऱ्या पेशींचा एक आकडा असतो, आणि त्याखाली पाच नावे असतात: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. आपण आकडा पाहतो, तो मर्यादेत आहे ना एवढे पाहतो, आणि नावे सोडून देतो. आज मी त्या नावांविषयीच बोलणार आहे. ही नावे कशावरून पडली, ती अपुरी का ठरली, आणि ह्याच पेशी आज कोणत्या खुणांनी ओळखतात, हा माझा विषय आहे. विषय जरा किचकट आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण रक्तात पांढऱ्या पेशी रगड असूनही एखादे तान्हे मूल साध्या खरचटण्याने का दगावते, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या खुणांत आहे. तेवढ्यासाठी तरी आपण तासभर कळ सोसावी.

ह्या नावांतली तीन पडली ती रंगांवरून. १८७० नंतरच्या दशकात जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून कापडासाठी नवेनवे रंग तयार होऊ लागले होते. पॉल एर्लिख नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ते रंग कापडाऐवजी रक्ताच्या थेंबावर टाकून पाहण्याचा छंद लागला. काचेवर पसरून वाळवलेल्या रक्तात त्याला दिसले की काही पेशींतले कण इओसिन हा आम्लधर्मी रंग अधाशासारखा शोषून घेतात. काहींना अल्कधर्मी रंग मानवतो. काहींना दोन्हींचे मिश्रण. ‘फिल’ म्हणजे आवड असणारा. तेव्हा इओसिनोफिल म्हणजे इओसिनची आवड असणारी, आणि बाकीच्याही तशाच. दीडशे वर्षांपूर्वीच्या रंगाऱ्याच्या ह्या भाषेतच आपले डॉक्टर अजून आपल्या रक्ताविषयी बोलतात. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. आजही गावोगावच्या प्रयोगशाळेत ह्याच पद्धतीने हजारो रोग्यांचे निदान होते, आणि स्वस्तात होते. पण वाळलेल्या, मेलेल्या पेशीला कोणता रंग चढतो एवढेच ही पद्धत सांगते. जिवंत पेशी काय करते ते सांगत नाही.

ते पाहिले दुसऱ्याच एका माणसाने. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या पिलांचा अभ्यास करीत होता. ही पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने त्यांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! आपल्या बोटात कुसळ गेले की तिथे पू धरतो, तोच हा प्रकार, हे त्याने ओळखले. परका पदार्थ गिळून टाकणाऱ्या ह्या पेशींना भक्षक पेशी हे नाव पुढे पडले. पेशी श्रेष्ठ की रक्तातला द्रव श्रेष्ठ ह्यावर दोन पक्ष पडून बरीच वर्षे कडाक्याचे वाद झाले, आणि १९०८ साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एर्लिख ह्या दोघांत वाटून देण्यात आले.

मेचनिकॉफचे नाव घेतले की महाराष्ट्राला त्याच्या एका विद्यार्थ्याची आठवण व्हायलाच हवी. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा विद्यापीठात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकले. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. आता ध्यानात घ्या, लस हे शरीराला दिलेले शिक्षण आहे. लस घेतल्यावर काही दिवसांनी, आठवड्यांनी शरीर एका विशिष्ट जंतूला ओळखायला शिकते. ही झाली अर्जित प्रतिकारशक्ती. गुरूला तारामाशात दिसली ती वेगळी. ती कोणी शिकवत नाही, जन्माबरोबर येते आणि काटा टोचल्यापासून काही तासांत कामाला लागते. तिला उपजत प्रतिकारशक्ती म्हणावे. न्यूट्रोफिल, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल ह्या तिच्या पेशी. आणि लिम्फोसाइटांच्या घोळक्यात बेमालूम मिसळलेली आणखी एक जात तिचीच आहे. तिच्याकडे मी येतोच.

रंगांची भाषा अपुरी पडली ती नेमकी इथे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन लिम्फोसाइट शेजारी शेजारी ठेवले, तर एक अर्जित विद्येचा आणि दुसरा उपजत, हे भल्याभल्यांना सांगता येत नसे. मोनोसाइट तर सगळे सारखेच दिसत. भेद होता, पण तो पेशीच्या पोटात नसून पाठीवर होता.

पेशीचे बाहेरचे आवरण म्हणजे चरबीचा दुपदरी, तेलासारखा प्रवाही पडदा. ह्या पडद्यात हजारो प्रथिने रुतून बसलेली असतात आणि त्यांची डोकी बाहेर निघालेली असतात. त्यांतली बरीचशी बाहेरचा एखादा ठरावीक पदार्थ पकडण्याचे काम करतात. त्यांना ग्राही म्हणतात. कुणी जंतूच्या कवचाचा तुकडा पकडतो, कुणी प्रतिपिंडाची शेपटी, कुणी रक्तवाहिनीची भिंत. अमुक पेशीवर अमुक ग्राही असतात ते त्या पेशीला त्यांचे काम असते म्हणून. सुताराच्या खांद्यावरच्या पिशवीत करवत आणि रंधा असतो तो आपण त्याला सुतार म्हणून ओळखावे म्हणून नव्हे. त्याला लाकूड कापायचे असते. आपण मात्र ती हत्यारे पाहून त्याला सुतार म्हणतो. पेशीच्या खुणांचे हेच आहे, आणि हे विसरले की पुढे घोटाळे होतात.

ही हत्यारे डोळ्यांना दिसत नाहीत. ती पाहण्याची युक्ती १९७५ साली इंग्लंडात केंब्रिजला केलर आणि मिलस्टाइन ह्या दोघांनी काढली. त्यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी ह्यांची गाठ मारून दिली. त्या जोडपेशीची प्रजा अखंड वाढत राहते आणि एकच एक प्रकारचे प्रतिपिंड घाऊक प्रमाणात देत राहते. असे प्रतिपिंड एकाच ग्राहीला चिकटते, दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या शेपटीला चमकणारा रंग बांधला की ज्या पेशीवर तो ग्राही आहे तीच उजळते. पुन्हा रंगच, पण आता कुठल्या पेशीला कोणता रंग लागावा हे माणूस ठरवू लागला. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून ह्या पेशी एकीमागून एक, रांगेने, लेसरच्या झोतासमोरून जातात, सेकंदाला हजारो. प्रत्येकीवर कोणकोणते रंग चमकले ते यंत्र टिपून घेते. हे यंत्र अमेरिकेत १९६५ च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आकाराला आले. त्याची पेशी निवडून वेगळी काढण्याची हिकमत शाईचे थेंब उडवून छपाई करणाऱ्या यंत्रावरून सुचली होती, ही गंमत जाता जाता सांगतो.

साधन हाती आल्यावर जे नेहमी होते तेच झाले. प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःची प्रतिपिंडे काढली आणि त्यांना स्वतःची नावे दिली. एकाच ग्राहीला बोस्टनमध्ये एक नाव, कॅलिफोर्नियात दुसरे. आपल्याकडे मुलीचे माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे असते, पण निदान दोन्ही घरांना दोन्ही ठाऊक असतात. इथे तेही नव्हते. आज ज्याला सीडी १४ म्हणतात त्याला माय-४, एमओ-२, ल्यू-एम३ अशी निरनिराळी नावे पडली होती. अखेर १९८२ साली पॅरिसला जगातले संशोधक जमले, सगळी प्रतिपिंडे एकमेकांशी ताडून पाहिली आणि एकाच ग्राहीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या जुडीला एक क्रमांक द्यायचा असे ठरले. त्या क्रमांकांच्या मागे ‘सीडी’ ही अक्षरे लागतात. हे क्रमांक आता साडेतीनशेच्या पलीकडे गेले आहेत. मी तीनचारच घेणार आहे, घाबरू नका.

पहिला सीडी १४. तो मोनोसाइटांवर दाटीने असतो. टायफॉइडचा जंतू, आतड्यातला ई. कोलाय, अशा कित्येक जंतूंच्या कवचात चरबी आणि साखर मिळून झालेला एक पदार्थ असतो. त्याचा कण रक्तात आला की सीडी १४ तो उचलतो. पण ह्या ग्राहीला पेशीच्या आत शेपूटच नाही. आत निरोप देणार कसा? म्हणून तो आपल्या हातातला माल शेजारच्या टीएलआर ४ नावाच्या ग्राहीकडे सोपवतो आणि तो आत वर्दी देतो. मग ताप चढतो, न्यूट्रोफिलांना आमंत्रणे जातात. टीएलआर ४ चे हे काम १९९८ साली ब्रूस ब्यूटलर ह्यांनी उंदरांत सिद्ध केले आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

सीडी १४ मुळे मोनोसाइट ओळखता येऊ लागले, पण १९८९ साली जर्मनीतल्या संशोधकांना दिसले की सगळे मोनोसाइट एक नव्हेत. शंभरातल्या नव्वदांच्या आसपास मोनोसाइटांवर सीडी १४ भरपूर असतो आणि सीडी १६ नसतो. उरलेल्या थोड्यांवर सीडी १६ हा दुसरा ग्राही असतो, आणि त्यांतल्या काहींवर सीडी १४ अगदी विरळ असतो. हे शेवटचे मोनोसाइट रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला धरून सावकाश सरपटत फिरतात. झाले! मोनोसाइटांच्या जाती सापडल्या असे सगळे म्हणू लागले. २०१७ साली निरोगी माणसांना जड हायड्रोजन असलेली साखर देऊन ह्या पेशींचा माग काढण्यात आला, तेव्हा निराळेच दिसले. पहिल्या प्रकारचा मोनोसाइट रक्तात साधारण एक दिवस राहतो. बहुतेक त्या दिवसात रक्त सोडून जातात, पण थोडे मागे राहतात. त्यांच्यावर सीडी १६ उगवतो, सीडी १४ ओसरतो, आणि अशा रूपात ते आणखी आठवडाभर रक्तात काढतात. म्हणजे हे वर्ण नव्हेत, आश्रम आहेत! पाठीवरची खूण पाहून जात ठरवण्याची घाई करू नये, हे पेशींच्या बाबतीतही खरे ठरले.

आता लिम्फोसाइटांत लपलेल्या त्या पेशीकडे येतो. १९७५ साली स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत असे आढळले की कोणतीही लस किंवा पूर्वओळख नसताना काही लिम्फोसाइट कर्करोगाच्या पेशी मारतात. त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणू लागले. त्यांची खूण सीडी ५६. हे प्रथिन मज्जापेशींवरही असते, आणि काही अर्जित लिम्फोसाइटांवरही सापडते, तेव्हा नुसते सीडी ५६ पाहून भागत नाही. सीडी ५६ आहे आणि सीडी ३ नाही, असे दोन्ही पाहावे लागते. सीडी ३ हे त्या अर्जित लिम्फोसाइटांचे चिन्ह. काय आहे ह्याइतकेच काय नाही हेही इथे महत्त्वाचे. शिवाय सीडी ५६ किती दाट आहे ह्यालाही अर्थ आहे. रक्तातल्या सुमारे नव्वद टक्के मारक पेशींवर तो विरळ असतो, त्या प्रत्यक्ष मारण्यात तरबेज. उरलेल्या दहा टक्क्यांवर दाट असतो, त्या मुख्यतः इतरांना रासायनिक संदेश पाठवतात.

ही पेशी आपल्याच शरीराच्या पेशी का मारत नाही, ह्याचे उत्तर फार सुंदर आहे, आणि ते मुख्यतः स्वीडनच्या क्लास केरे ह्यांनी दिले. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर घरच्या माणसाची म्हणावी अशी काही प्रथिने असतात. मारक पेशीच्या पाठीवर ती चाचपणारे ग्राही असतात. घरचे चिन्ह हाताला लागले की हे ग्राही पेशीला आवरतात. विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोग झालेल्या पेशीवरून पुष्कळदा हे चिन्ह नाहीसे होते, तेव्हा आवरणारे कोणी राहत नाही. परका ओळखण्याची आपण जी साधारण कल्पना करतो तिच्या उलट हा न्याय आहे. इथे आपलेपणाची खूण हरवणे हाच पुरावा.

सीडी १६ चे आणखी थोडे सांगायला हवे. तो मोनोसाइटांच्या एका अवस्थेत असतो हे पाहिले. पण तो मारक पेशींवरही असतो आणि न्यूट्रोफिलांवर तर सर्वांत जास्त. काम एकच, प्रतिपिंडाची शेपटी धरणे. तरी न्यूट्रोफिलावरचा सीडी १६ चरबीच्या एका आकड्याला नुसता अडकवलेला असतो, आणि मारक पेशीवरचा पडद्याच्या आरपार रुतलेला असतो. आता एक विरळा रक्तविकार असा आहे की त्यात मज्जेतल्या काही पेशींना हा चरबीचा आकडाच बनवता येत नाही. मग आकड्याला टांगलेली सगळी प्रथिने गळतात. लाल पेशींची संरक्षक प्रथिनेही जातात, त्या फुटतात आणि रोग्याला सकाळी काळपट लघवी होते. अशा रोग्याचे न्यूट्रोफिल यंत्रात घातले तर सीडी १६ दिसत नाही. मोनोसाइटांवरचा सीडी १४ ही आकड्यालाच टांगलेला, तोही दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या पेशी ठणठणीत!

आता ज्या मुलासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला त्याच्याकडे वळतो.

बाळाची नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत सुकून पडते. क्वचित एखाद्या बाळाची तीन आठवडे झाले, चार झाले, तरी पडत नाही; बेंबी लाल होते, चिघळते. घरातल्या आजीच्या हे आधी लक्षात येते. पुढे त्या मुलाला कानाचे, हिरड्यांचे, कातडीचे आजार पाठोपाठ होतात. आणि त्यांत एक विचित्र गोष्ट असते. जखम चरत जाते, पण पिकत नाही. गळू होत नाही, पू धरत नाही. पू म्हणजे काय? लढून मेलेल्या न्यूट्रोफिलांचा लगदा. रक्त तपासावे तर न्यूट्रोफिल कमी नसतात, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात. कागदावरचा आकडा पाहून वाटते की शरीर जोरात लढते आहे. ते सगळे सैन्य रक्तवाहिनीतच फिरत राहिलेले असते. जखमेपर्यंत एकही शिपाई पोचलेला नसतो.

(लगेच सांगून ठेवतो, नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना काहीही झालेले नसते. घरी जाऊन कोणी घाबरू नये. चिघळणारी बेंबी, वारंवार होणारे आजार आणि न धरणारा पू अशी सांगड पडली तर डॉक्टरांना मुद्दाम विचारावे.)

रक्तवाहिनीतून बाहेर पडणे हे दोन टप्प्यांचे काम आहे. रक्ताच्या ओघात वाहणारा न्यूट्रोफिल आधी भिंतीला घसटत, गडगडत मंदावतो. मग तो भिंत घट्ट पकडतो आणि फटीतून बाहेर सरकतो. घट्ट पकडण्याचे हत्यार म्हणजे सीडी ११ आणि सीडी १८ ह्यांची जोडी. सीडी ११ चे निरनिराळे प्रकार आहेत, पण जोडीदार प्रत्येकाचा एकच, सीडी १८. ज्या मुलाला आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हीकडून सीडी १८ चे बिघडलेले जनुक येते, त्याच्या पेशींवर ह्या जोड्या उभ्याच राहत नाहीत. फ्लो सायटोमीटरमध्ये सीडी १८ चा रंग चमकत नाही, आणि जे रंगवलेल्या काचेवर कधीच दिसले नसते ते थोड्या रक्तात काही तासांत कळते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ह्या संस्थेत अशा उपजत विकारांचे निदान ह्याच पद्धतीने होते. विकार फार विरळा आहे. पण आपल्याकडे नात्यातली लग्ने होतात, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा. तिथे एकच बिघडलेले जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, हे स्पष्ट बोलायला हवे.

पहिला टप्पा, तो घसटण्याचा, बिघडला तर? त्या टप्प्याला पेशीच्या पाठीवर फ्यूकोज नावाच्या साखरेचे एक चिन्ह लागते. १९९२ साली इस्रायलमध्ये दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. आजार वर सांगितला तसाच, पण सीडी १८ शाबूत. त्यांचा रक्तगट पाहिला तर तो निघाला ‘बॉम्बे’! हा गट १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम जगापुढे मांडला. ओ गटाच्या रक्तातही असणारे एच नावाचे चिन्ह ह्या माणसांत नसते, म्हणून त्यांना ओ गटाचेही रक्त चालत नाही. एच चिन्ह फ्यूकोजचेच बनते. त्या मुलांच्या शरीरात फ्यूकोज जागच्या जागी पोचतच नव्हती, म्हणून लाल पेशींवरचे एच नाही आणि न्यूट्रोफिलांवरचे घसटण्याचे चिन्हही नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या बॉम्बे गटाच्या लोकांना ह्याची धास्ती नको. त्यांच्यात फक्त एच जोडणारे एक विकर नसते, न्यूट्रोफिलांची साखर जागेवर असते आणि त्यांची जखम सर्वांसारखीच पिकते. ह्या विरळ्या मुलांपैकी काहींना फ्यूकोज साखर तोंडाने दिली आणि आजार कमी झाले.

सीडी १८ नसलेल्या मुलाला साखरेने गुण येत नाही. विकार तीव्र असेल आणि उपचार झाला नाही, तर अशी बहुतेक मुले दोन वर्षांची होण्यापूर्वीच जातात. उपचार म्हणजे निरोगी माणसाच्या, शक्यतो सख्ख्या भावंडाच्या, अस्थिमज्जेचे रोपण. त्याआधी भावंडाचे रक्त तपासतात. त्याच्यावर सीडी १८ निम्मा आढळला तर त्याच्याकडे एक बिघडलेले आणि एक चांगले जनुक आहे असे समजते. आईवडिलांचेही बहुधा असेच असते, आणि निम्म्यावर माणूस निरोगी राहतो. रोपणानंतर काही आठवड्यांनी मुलाचे थेंबभर रक्त पुन्हा त्याच प्रतिपिंडात मिसळून त्याच यंत्रातून सोडतात. रोपण जमले असेल तर काही न्यूट्रोफिल चमकतात. सगळेच चमकावे लागतात असे नाही. काही हिस्सा चमकला तरी पुष्कळदा निभावते. मग ते मूल रांगायला लागते, पडते, त्याचा गुडघा फुटतो, आणि दोन दिवसांनी त्या जखमेत पू धरलेला दिसतो.